नैवेद्याचा दुधी

बाईंनी टोपलीतून माझा दुधी उचलला आणि बाहेर, ओल्या लादीवर ठेवला. बाकीचे सहा दूर्वांच्या जुडीशेजारी तसेच राहिले.

"तुमच्याकडे गणपती बसत नाही ना गं?" आवाजात साय होती. "मग तुझा कशाला नैवेद्याला? आईला दे, भाजी करेल."

मी अकरा वर्षांची होते. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळच्या त्या सोसायटीचे जिने माझी आई झाडायची. गच्चीवर दर रविवारी या बाई मुलांचा बागकामाचा वर्ग घेत; सात मुलं, प्रत्येकाचा एक वेल. वस्तीतलं एक तरी मूल घेतलं, तरच एक संस्था माती आणि रोपं देणार होती. ते एक मूल मी.

पहिल्याच दिवशी इतरांना हातमोजे मिळाले. मला शेणखताची बादली. "तुला सवय असेल," बाई म्हणाल्या. सगळी हसली. मीही हसले. ते हसू मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ज्याचा दुधी सोसायटीच्या गणपतीच्या नैवेद्याला जाईल, त्याचं नाव मांडवातल्या फळ्यावर लिहिणार होते. त्या इमारतीत माझं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला ते फळ्यावर हवं होतं. बस, एवढंच.

श्रावणात सातही वेलांचे कोवळे दुधी बोटाएवढे होऊन पिवळे पडले, गळले. बाईंनी कीड ठरवली, ताक फवारायला लावलं. रेल्वेरुळांच्या कडेच्या तुकड्यात भाजी लावणारी माझी मावशी ते ऐकून हसत सुटली. "अगं, पाचव्या मजल्यावर भुंगा कुठनं येणार? नराचं फूल तोड नि मादीवर फिरव. तिन्हीसांजेला, फुलं उमलली की. तुझी बाई शिकलेली ना? एवढं ठाऊक नाय?"

आई खाली जिने पुसत असे, तेव्हा मी गच्चीवर जाई. उतरत्या उजेडात ती पांढरी फुलं ओल्या मलमलीसारखी उघडत. बोटांना पराग चिकटे. मी एकेका फुलाशी थांबे. केवळ माझ्या वेलावर नव्हे, सातही वेलांवर. गळणारं पाहवत नव्हतं म्हणून. कुणाला सांगितलं नाही. माझं कोण ऐकणार होतं?

आणि आता माझा दुधी लादीवर होता. झाडू घेऊन दाराशी उभ्या असलेल्या आईनं डोळ्यांनीच सांगितलं, चल.

मी हलले नाही.

"बाई, मग ते सहाही बाहेर काढा. सगळ्यांची फुलं मी फिरवलीत. सगळ्यांना माझा हात लागलाय."

"खोटं बोलतेय ही!" एक मुलगी ओरडली. मग मी सगळं सांगितलं. नर, मादी, पराग, वेळ. न अडखळता. टोपली धरून उभ्या असलेल्या एका आजींनी हात असा मागे घेतला, जणू तवा लागला.

त्या हातानं मला सारं शिकवलं. गणपती निमित्त होता.

रडू यायला हवं होतं. आला तो आनंद, धारदार आणि थंड. एका वाक्यात मी त्यांचा नैवेद्य बाटवला होता. आणि तो बाट माझा नव्हता, त्यांच्याच मनातला होता. त्या वर्षी बाजारातला दुधी आला. तो कुणाच्या हाताचा, हे कुणीही विचारलं नाही.

चार दिवसांत आईला "उद्यापासून नको येऊस" असं सांगण्यात आलं. आई मला एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मी जपून ठेवलं आहे.

आज मी कृषी महाविद्यालयात शिकवते. गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "अगं, आमच्याच वर्गातली तू! सोसायटीत सत्कार ठेवलाय. दोन शब्द बोल, मुलांना प्रेरणा मिळेल."

मी होकार दिला.

शाल घेणार नाही. माइक घेईन. बाईंचं नाव घेईन, आडनावासकट, त्यांच्या नातवंडांदेखत. त्यांचं वय झालं आहे, प्रकृती नाजूक आहे, असं मला ओळखीतल्या दोघांनी सुचवून पाहिलं. माझ्या आईचंही वय झालं आहे. मी एकही वाक्य गाळणार नाही. आणि बाईंनी मान खाली घातली, तर ती वर करायला सांगेन.