मागणी क्रमांक तीन

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पहाटेपासून संततधार. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी तपकिरी, पण पुलाच्या बरंच खाली. वारा नाही.

वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. एरवी मी डब्यात भाजी कुठली होती तेही लिहितो. गेली एकवीस वर्षं रोज लिहितो. कोणी लिहायला सांगितलं नाही आणि कोणी वाचतही नाही. पण त्या शुक्रवारी मी जे करून बसलो होतो ते लिहायला हातच उचलेना. आता तुम्ही बसलाच आहात, कपात चहाही आहे, तर तोंडानेच सांगतो. हसायचं तर हसा. आमच्या बसमध्ये सगळ्यांचं हसून झालंय.

मी मोकल. राहायला पेणला, नोकरी रोह्याला, एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये. सात ते तीन शिफ्ट. कंपनीची बस पेणहून साडेपाचला सुटते. हायवेच्या कामाबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या मणक्यांना विचारा.

आमच्या स्टोअरच्या दारासमोर, कॅन्टीनच्या पॅसेजमध्ये, एक मशीन आहे. काचेमागे स्प्रिंगांमध्ये बिस्किटं, चिवडा, वेफर्स अडकवलेले. पाकीट खाली पडलं तर आपलं, मध्येच लटकलं तर मशीनचं. शेजारी त्याचाच भाऊ, चहा-कॉफीचं मशीन. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, तो गेटवर लॉकरमध्ये. त्यामुळे स्कॅन वगैरे काही नाही, कंपनीचं कार्ड लावायचं. गेटबाहेर टपरी आहे, पण शिफ्ट संपायच्या आत बाहेर पडायला गेटपास लागतो, आणि चहासाठी साहेबाकडे गेटपास मागणारा माणूस आमच्या कंपनीत अजून जन्माला यायचाय. म्हणजे मशीन सांगेल तो भाव.

एक जुलैला मशीनने आठ रुपयांचा चहा बारा केला. दहा रुपये छापलेलं बिस्किट चौदा.

आम्हा पर्मनंट लोकांना नाश्त्याचं कूपन असतं. आम्ही नुसतेच चिडलो. पण पॅकिंगला वासंती गायकर आहे, कंत्राटावर. ती खांब गावाहून येते. पाचला घर सोडायचं, सहा आसनी रिक्षाने कोलाडपर्यंत, तिथून दुसरी रिक्षा. कंत्राटी लोकांना बस नाही आणि कूपनही नाही. नऊ वाजताचा मशीनचा चहा आणि एक बिस्किटचा पुडा हाच तिचा नाश्ता. जुलैपासून ती नुसता चहा घेऊ लागली, आणि ऑगस्टमध्ये तोही एक दिवसाआड. हे मी पाहत होतो, कारण मशीन माझ्या टेबलासमोरच आहे.

मग चर्चा सुरू झाली. तक्रार करायची का? केली तर तोंडी करायची की लेखी? आठवडाभर, जाता-येता, बसमध्ये हीच चर्चा. कोणी म्हणालं, मशीनवर बहिष्कार टाका. तो सोमवारी दहापर्यंत टिकला. कोणी म्हणालं, सूचना पेटीत चिठ्ठी टाका. आमच्याकडे सूचना पेटी आहे. तिची किल्ली कोणाकडे असते असं विचारणारी सूचना मागे एकाने तिच्यातच टाकली होती. उत्तराची वाट पाहत तो रिटायर झाला.

शेवटी आमचा फिटर दत्तू म्हात्रे माझ्याकडे वळला. दत्तू खाडीकडचा, बापजादे मिठागरावरचे. गोड बोलायची सवय त्याच्या घराण्यातच नाही.

"मोकलशेट, तुमी रोज वहीत पावसाचा हिशोब लिवता. त्यानं पाऊस कमी झाला काय? एकदा काय तरी कामाचा लिवा."

बसभर हशा झाला. आणि खरं सांगतो, मला ते लागलं. बावन्न वर्षांत मी कोणाविरुद्ध एक ओळ लिहिलेली नाही. मनात म्हटलं, लिहूच.

तीन संध्याकाळी मसुदा करत होतो. पहिली मागणी, दर पूर्वीप्रमाणे करावेत. दुसरी, कंत्राटी कामगारांना नाश्त्याचं कूपन मिळावं. इथे थांबलो असतो तर आज हा किस्सा नसता. पण लिहिणाऱ्याला एकदा स्वतःचं वाक्य आवडायला लागलं की त्याला कोण थांबवणार? मी तिसरी मागणी घातली:

'ही दरवाढ ज्या व्यक्तीने मंजूर केली, तिला कामगारांच्या तहानभुकेची जाणीव असल्याचे दिसत नाही. सबब अशा जबाबदार व्यक्तीचे नाव सर्वांच्या माहितीसाठी सूचना फलकावर ठळक अक्षरांत लावण्यात यावे.'

बसमध्ये वाचून दाखवलं. 'ठळक अक्षरांत' ऐकल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तूनेसुद्धा. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, आणि त्या नादात एक खड्डा चुकायचा राहिला.

आता सह्या. टाळ्या वाजवणारे चाळीस होते, पहिली सही करणारा एकही नाही. मी केली. ठळक अक्षरांत. मग दत्तूने केली, मग एकेक करून पर्मनंटवाले. कॅन्टीनमध्ये कंत्राटी लोक मात्र लांबून बघत होते. आणि अर्ज तर मुख्यतः त्यांच्यासाठी होता. त्यांच्यातल्या एकाचीही सही नसेल तर एचआरच्या मॅडम म्हणणार, कूपनवाल्यांना काय त्रास?

मी वासंतीकडे गेलो. तिने हात पुसले आणि अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. सह्या करणाऱ्यांत तो पूर्ण वाचणारी ती एकटी.

"दादा, माझं कंत्राट एकतीसला संपतंय."

"माहीत आहे. पण माझी सही पहिली आहे. काही झालं तर आधी मला होईल."

"हे भाव कोणी वाढवले ते तुमाला ठाव हाय?"

"नाही. म्हणून तर विचारतोय."

"मग आधी शोधून काढा, मग लिवा. आमच्यात पोरगी बघायला जातात ना, तेपण आधी गावात चौकशी करून जातात."

मी तिला अर्जाची पद्धत समजावून सांगितली. शांतपणे, मुद्देसूद. चौकशी करणं हे कंपनीचं काम, आपण फक्त अर्ज करायचा, वगैरे. मला समजावून सांगायला आवडतं, हा माझा जुनाच दोष आहे. तिने सही केली. ती केली म्हणून आणखी चार कंत्राटी बायकांनी केली.

अर्ज आत गेला. त्यानंतरचे आठ दिवस माझी मान ताठ होती. लोक स्टोअरच्या खिडकीशी थांबून विचारायचे, काय म्हणते वरची हवा? मी म्हणायचो, प्रक्रिया चालू आहे.

बावीस तारखेला, सकाळी साडेनऊला, शिपाई एक फाइल घेऊन आला. आत माझाच अर्ज, आणि त्यावर एचआरच्या साळवी मॅडमचा शेरा: 'मशीनचा विषय कर्मचारी कल्याण समितीच्या अखत्यारीत येतो. समितीच्या चिटणीसांनी अभिप्राय द्यावा.'

समितीचा चिटणीस कोण?

मी.

आता तुम्ही म्हणाल, स्वतः चिटणीस असून तुम्हाला माहीत नव्हतं? थांबा. आमची कल्याण समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. मी आठ वर्षं तिचा चिटणीस आहे, कारण माझं अक्षर बरं आहे. दुसरं कारण नाही. समितीत निम्मे लोक पेणच्या बसचे. बैठक अडीचला सुरू होते आणि बस सव्वातीनला सुटते. पहिले दोन विषय, म्हणजे क्रिकेटचे सामने आणि दिवाळीची भेटवस्तू, यांच्यावर चाळीस मिनिटं जातात. मग बाहेर ड्रायव्हर हॉर्न देतो. उरलेले सगळे विषय आम्ही उभ्याने, डबे पिशवीत भरता भरता, मंजूर करतो. ठराव मांडतात अध्यक्ष. अनुमोदन ज्याच्या तोंडातून आधी निघेल त्याचं. आणि आधी कोणाच्या तोंडातून निघणार? ज्याला बसमध्ये खिडकी हवी असते त्याच्या.

मी कपाटातून इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं. जूनची बैठक. ठराव क्रमांक सहा: 'कॅन्टीनजवळील मशीनमधील चहा व खाद्यपदार्थांचे दर ठेकेदाराच्या पत्रानुसार दिनांक १ जुलैपासून वाढविण्यास मंजुरी देण्यात येत आहे.' सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, श्री. मोकल. अक्षर सुंदर. एक खाडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या कच्च्या चिठ्ठ्यांवरून मीच उतरवून काढलेलं, एकीकडे ड्रमची आवक घेता घेता.

घरी गेल्यावर त्या बैठकीच्या दिवसाची वहीही पाहिली. म्हटलं, निदान तिथे काहीतरी असेल. नोंद अशी: 'समितीची बैठक. बटाटेवडा गार. उकाडा. बसमध्ये खिडकी मिळाली.'

पण ते संध्याकाळचं झालं. सकाळी मी रजिस्टर बगलेत मारून साळवी मॅडमकडे गेलो. त्यांनी ठराव सहा वाचला, मग अर्ज वाचला, मग पुन्हा ठराव वाचला. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी अभिप्रायाचा छापील कागद पुढे केला. त्यात रकाने दोनच. पहिला, अर्जात तथ्य आहे किंवा नाही. दुसरा, असल्यास जबाबदार कोण.

"मोकल, 'तथ्य नाही' लिहिलंत तर दुसरा रकाना भरावाच लागणार नाही. ठराव रीतसर झालेला आहे. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

मी म्हटलं, मग अर्जाचं काय होणार?

त्यांनी जरा वेळ कागद सरळ केले. मग म्हणाल्या की तथ्य नसलेल्या अर्जावर सह्या करणाऱ्यांच्या फाइलला तसा शेरा लागतो. पर्मनंट माणसाला शेऱ्याने काही होत नाही. पण लेबर कंत्राटदार कालच विचारून गेला होता, ह्या पाच बायका कोण म्हणून.

"आज घरी जायच्या आत द्या," त्या म्हणाल्या.

मी पॅसेजमध्ये आलो तेव्हा वासंती मशीनसमोर उभी होती. कार्ड हातात, अजून लावलेलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. ठराव, हॉर्न, खिडकी, दोन रकाने. काही गाळलं नाही. दत्तू पाना घेऊन जवळच उभा होता, त्यानेही ऐकलं. तो हसायला लागला, पण तिचं तोंड बघून थांबला.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "मी पाच वाजता घर सोडते, दादा. आणि तुमाला तीन वाजता निघायची घाई."

मी म्हटलं, मी बघतो.

"बघू नका," ती म्हणाली. "या वेळी वाचा, आणि मग लिवा."

तिने कार्ड तसंच परत खिशात घातलं आणि पॅकिंगला गेली. दत्तू म्हणाला, "मोकलशेट, लिवताना अक्षर जरा वाईट काढा. कोणाला वाचता नाय आला पायजे."

दुपारभर कागद समोर ठेवून बसलो. खोटं कशाला सांगू, पहिल्या रकान्यात 'तथ्य' हा शब्द लिहून मी पंचवीस मिनिटं थांबलो होतो. पुढे 'नाही' लिहिलं की मोकळा. आठ वर्षं मोत्यासारखं अक्षर काढून कमावलेली जी काही इज्जत होती ती शाबूत. सोमवारी बसमध्ये थोडी चेष्टा, मग गणपतीची सुट्टी, की सगळे विसरले. पेणच्या रस्त्यावर मूर्तींचे टेम्पो निघालेच होते.

तीनला बाहेर ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी पहिल्यांदाच ठरवलं की हॉर्न ऐकायचा नाही. रकाना एक: तथ्य आहे. रकाना दोन: ठराव क्रमांक सहाचे अनुमोदक. मग वाटलं, ही पुन्हा पळवाट झाली. पुढे नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पूर्ण कागद दोनदा वाचला. मॅडमच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बस गेली होती. एसटीने उभ्याने पेणला आलो.

सोमवारी लेखी उत्तर मिळालं. ते असं.

मागणी क्रमांक एक, दर पूर्वीप्रमाणे करणे: ठेकेदाराशी वर्षभराचा करार असल्याने अमान्य. मागणी क्रमांक दोन, कंत्राटी कामगारांना कूपन: समितीच्या पुढील बैठकीत विचारार्थ. मागणी क्रमांक तीन: मान्य.

अर्जात तथ्य आढळल्याने सह्या करणाऱ्यांच्या फाइलला शेरा नाही. वासंती गायकर व इतर चौघींचं कंत्राट एक सप्टेंबरपासून अकरा महिन्यांनी वाढलं.

सूचना फलकावरचं लिखाण चिटणीसाकडे असतं. सोमवारी दुपारी दोन वाजता मी माझं नाव फलकावर लिहिलं, ठळक अक्षरांत. पंधरा दिवस राहिलं.