टेलपर्यंत न पोचणारी खबर

“हेडवाल्याइनं ह्या मास्तरले इकत घेतलं! पाहा, कसा मुका बसला त्याचा डबा!”

याडी ओरडत होती. तांड्यावर सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणतात. तिनं तोंड उघडलं की पुसदच्या बाजारात मिरचीचे भाव उतरतात, असा आवाज. आणि तो मास्तर मी.

तिचा संशय रास्त होता. कालव्याच्या अगदी टोकाला, टेलला, तिचा दीड एकर गहू. पाणी सुटलं की कालव्यातून शेतात पाणी घ्यायच्या आपल्या दारावर फावडं घेऊन हजर राहावं लागतं; नसलं माणूस, तर पाळी गेली आणि पाणी नाल्याला. दोन पाळ्या तिच्या अशाच गेल्या होत्या. तिसरी चुकली तर ओंबीत दाणा भरणार नव्हता. तांड्यावर मोबाइलला रेंज नाही. म्हणून तर मी, पुसदच्या कॉलेजातला मास्तर, चार ठिकाणी चार रेडिओडबे बसवले होते. कालवा सुरू होतो तिथल्या, हेडच्या डब्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं तांड्याला.

डबे मोठे सभ्य. स्वतःचा लहरींचा पट्टा नाही. दुसऱ्याच्या पट्ट्यावर बोलायचं, तेही मालक गप्प असेल तेव्हाच. आधी कान लावायचा, कोणी बोलत असलं की तोंड मिटायचं. शिवाय दोन शेजाऱ्यांनी एकदम बोलून गोंधळ करू नये म्हणून मी वेळापत्रक आखलं होतं: प्रत्येकाला बोलायची एकच पाळी, ठरलेल्या क्षणी. तीन उड्यांत खबर टेलला. ह्या वेळापत्रकाच्या बढाया मी इतक्या मारल्या होत्या की आमच्या घरच्या मांजरीलाही ते पाठ होतं.

तरी खबर पोचेना. मग मी संशय घ्यायला बसलो. आधी माकडांवर घेतला. मग दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्यावर, कारण तो डब्याखालीच तंबाखू मळायचा. शेवटी हेडच्या पंचायतीतल्या भोंगेवाल्या भाऊवर नजर ठरली. बरोबर पाणी सुटायच्या दिवशीच हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालायचा. इस्त्री उगाच होते का?

तिसऱ्या पाळीला सकाळीच मी दुसऱ्या डब्यापाशी बेशरमाच्या झुडपात दडून बसलो, हातात लहरी मोजायचं यंत्र. डासांनी माझं शेरभर रक्त नेलं. खबर आली: पाणी सुटलं. आता हा डबा पुढे सांगणार, तेवढ्यात हेडच्या गावातून भोंगा गरजला, “ऐका हो ऐका! पाणी सुटलं हो!” आणि यंत्राच्या पडद्यावर आमच्याच पट्ट्यात हा एवढा डोंगर उभा राहिला.

पंचायतीचा नवा बिनतारी माइक! डब्याला वाटलं मालक आला. त्यानं तोंड मिटलं. दुसरा मोकळा पट्टा तिथं नव्हता आणि बोलायची दुसरी पाळी मी ठेवली नव्हती. भोंगा मात्र चालूच. पाण्यानंतर हरवलेल्या शेळीचं वर्णन झालं, मग तिच्या आईचं.

मी गाडीला किक मारली. नऊ किलोमीटर अशी पळवली की माझी सावली अर्ध्या वाटेत दमून बसली. तांड्यात शिरताना मीच बोंबललो, “याडी, पाणी सुटलं!”

ती फावडं घेऊन पळाली. दारापाशी पोचली आणि मागोमाग पाणी आलं. चिखल ओढत, पाणी गव्हात वळवत तिनं माझ्याकडं तिरपं पाहिलं. “आता डबा सोडून तुमीच बोंबलून राह्यले? हेडवाल्याइनं पैसे देल्ले नाही वाटते या खेपी.”

तसाच चिखलाच्या पायांनी हेडला गेलो. भाऊ माइक फडक्यानं पुसत होता.

“अहो भाऊ, माझा डबा बोलायले लागला का तुमी काहून सुरू होता? याडीच्या दोन पाळ्या गेल्या तुमच्यानं!”

त्यानं माइक खोक्यात ठेवला.

“डब्यात खबर आली का लगेच भोंग्यावर सांगा, असं तुमीच सांगतलं होतं.”