शतकाचं घर

“किती झाले?” मी विचारलं.

“पंचेचाळीस,” ईश्वरी ठामपणे म्हणाली.

भिंतीवरच्या तक्त्यात तीनशे पंचेचाळीस होते. मागची पोरं हसली. मी डोळे वटारले, तेव्हा कुठे गप्प झाली.

मी फिरती शिक्षिका आहे. म्हणजे मला स्वतःचा वर्ग नाही. मुळशीतल्या ज्या शाळेतून ‘मूल मागे पडतंय’ असा फोन येतो, तिथे स्कूटरवरून जायचं. लवळ्याच्या बाजूच्या या शाळेतून तिसरीच्या साळवे सरांचा फोन होता. “मॅडम, पोरगी तशी हुशार आहे हो. पण स्थानिक किंमत डोक्यात शिरतच नाही. शतक खाऊन टाकते.”

स्थानिक किंमत म्हणजे अंक कुठल्या घरात बसलाय त्यावरून ठरणारी त्याची किंमत. तीन एककाच्या घरात असला तर नुसता तीन, शतकाच्या घरात गेला की तीनशे. मोठ्यांना वाटतं, यात शिकवायचं काय? पण मुलांना ते दाखवावं लागतं. म्हणून तीन खिशांचा कापडी तक्ता. उजवीकडे सुट्या काड्या, मधे दहा-दहाचे गठ्ठे, डावीकडे शंभराचे. खराट्याच्या शंभर काड्या एकत्र बांधल्या की मनगटाएवढा गठ्ठा होतो. नजरेतून सुटावा असा नाही.

मूल अडलं की आम्ही आधी साहित्य बदलतो. मी रंगीत कार्डं काढली. शतक लालभडक. उत्तर पंचेचाळीस. टेबलावर गठ्ठे मांडले. पंचेचाळीस. मला खरं तर राग यायला लागला होता. पण एक गोष्ट खटकत होती. ज्या मुलाला शतक समजत नाही, ते तीनशे पंचेचाळीस लिहिताना तीनशे लिहितं आणि त्यापुढे पंचेचाळीस चिकटवतं, म्हणजे ३००४५. गोंधळ करतं. ईश्वरीचा गोंधळ नव्हताच. पंचेचाळीस बरोबर, शतक गायब.

“डोळे मीट,” मी म्हटलं आणि सगळे गठ्ठे तिच्या ओच्यात ठेवले. ती चाचपत राहिली. जाड गठ्ठे बाजूला, बारके बाजूला, सुट्या काड्या बोटांत.

“तीनशे पंचेचाळीस,” ती म्हणाली. मग डोळे उघडून विचारलं, “बाई, ही शंभरवाली आधी कुटं व्हती?”

मी तक्ता, कार्डं सगळं बाजूला सारलं.

मी तिच्यासमोर बसले. माझ्या नाकाकडे बघ म्हटलं आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवली. उजवीकडची दिसली. डावीकडची नाही. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्ही वेळा तेच. एकाच डोळ्याने असं झालं असतं तर दोष बहुधा त्या डोळ्यात. दोन्ही डोळ्यांना एकच बाजू दिसत नसेल तर दोष डोळ्यांच्या मागे, डोक्यात. प्रशिक्षणात हे आम्हाला एका वाक्यात सांगितलं होतं. ते वाक्य आठवायला नको होतं असं वाटलं.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. दोन दिवसांनी वरची पाहणी होती. मुलं रंगीत टोप्या घालून एकक, दशक, शतक होऊन उभी राहणार, त्याचा व्हिडिओ निघणार.

“या मुलीचं झालं का?” त्यांनी विचारलं.

“सर, हिला आजच दवाखान्यात न्यायला हवं.”

“पाहणी होऊ द्या ना मॅडम. तोवर तिला टाळ्या वाजवायला बसवा.”

“तिला डावीकडचं दिसत नाहीये, सर. टाळ्या कसल्या?”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. वाईट माणूस नाही, पण पाहणी आली की भल्याभल्यांचं असं होतं. साळवे सरांनी तोवर तिच्या आईला फोन लावला होता.

तिची आई, सुनंदाताई, एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करतात. हाताला पीठ तसंच, धापा टाकत आल्या.

“गणित येत न्हाई म्हून डोक्याच्या दवाखान्यात? बाई, आमाला काय येडं समजता व्हय?”

समजावून वेळ गेला असता. मी त्यांना ईश्वरीच्या डावीकडे, हातभर अंतरावर उभं केलं आणि बोलू नका अशी खूण केली. ईश्वरीला म्हटलं, “समोर फळ्याकडे बघ. मान न वळवता सांग, आई कुठे आहे?”

ती बघत राहिली. मग रडवेली झाली. “आई गेली व्हय?”

सुनंदाताई खालीच बसल्या. मग हळूहळू एकेक निघालं. सकाळी उठल्या उठल्या उलट्या होत होत्या. डोकं दुखतं म्हणायची. “मला वाटलं, साळंला दांडी मारायला सोंग करतीया.” ताटातली भाजी ती अर्धीच खायची, त्यावरूनही बोलणी बसायची.

केंद्रप्रमुखांनीच शेवटी आपली गाडी काढली. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डोक्याचा फोटो निघाला. मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टर तरुण होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “लवकर आणायला हवं होतं.”

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही. ईश्वरी घरी आली तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि डावी बाजू तशीच अंधारी. मी जमेल तेव्हा जायचे. तिला मान डावीकडे वळवून बघायला शिकवलं. पहिल्यांदा पूर्ण संख्या वाचली तेव्हा ती इतकी हसली की मला तिथे बसवेना. पुढे मान वळवायचीही ताकद राहिली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती गेली.

सुनंदाताई नंतर मला शाळेच्या फाटकात भेटल्या. तिच्या मृत्यूचा दाखला शाळेत द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, “बाई, खरं सांगा. तिला गणित येत व्हतं ना?”

“येत होतं,” मी म्हटलं. “सगळं येत होतं.”

“मी लाटण्यानं मारलं हो तिला. शंभर इसरती म्हून.”

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. लवळ्याहून येणारी रिक्षा त्यांच्यासाठी थांबली, त्या बसल्या आणि गेल्या.

आता नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला विचारतात, स्थानिक किमतीसाठी कुठलं साहित्य चांगलं? मी सांगते, कुठलंही घ्या. पण मूल चुकलं तर त्याला काय दिसतंय ते आधी विचारा. समजलं का, ते नंतर.