चार मिनिटं

स्पिरिटचा वास आला की मला बनशंकरीच्या त्या आक्का आठवतात. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि आमच्या कंपनीचं मेंदूतला ऑक्सिजन मोजणारं नवं यंत्र त्या वेळी तपासून बघायचं होतं. सेन्सर चिकटवायला कपाळ स्वच्छ लागतं. मी स्पिरिटचा बोळा उचलला तसा त्यांनी माझा हात धरला. “स्वल्प थांब गं. आमचे हे बाहेर बसलेत. झालं की तूच परत लावशील ना?” “लावते, आक्का,” म्हणत मी त्यांचं कुंकू पुसलं. चाचणीचा नियम असा, की आमचा आकडा डॉक्टरांना दाखवायचा नाही, त्यांनी जुन्याच यंत्रावर चालायचं. म्हणून आमचा पडदा फक्त माझ्याकडे वळवलेला होता. मध्येच त्यावरचा आकडा घसरू लागला. जुनं यंत्र गप्पच होतं. मी नियम पाळला, वेळ लिहून घेतली. जुनं यंत्र वाजलं तेव्हा चार मिनिटं गेली होती. आक्का शुद्धीवर आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचं मागणं सांगून मी त्यांच्या गार कपाळावर कुंकू लावलं, तेव्हा त्यांच्या यजमानांनी मला हात जोडले. “तिचं ऐकलंत, बरं झालं.” आता ते यंत्र बाजारात आहे. त्याच्या माहितीपत्रकातली पहिली ओळ मीच लिहिली आहे: धोका चार मिनिटं आधी सांगतं.