जिना चढताना आधी कुठला पाय

तिरुवल्लिकेणीतल्या त्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या काकांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. चपला बाहेरच काढल्यात अशी खात्री झाल्यावर ते चक्क मराठीत म्हणाले, "या. ती आत आहे. फार त्रास देऊ नका तिला."

चेन्नईला येऊन मला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याची नोकरी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. मी फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम घेणारी. माझं तमिळ पेशंटकडूनच शिकलेलं: उठा, बसा, श्वास सोडा, दुखतंय का, मेल्ल मेल्ल, म्हणजे हळूहळू. पेशंटच्या घरात मराठी कानावर पडेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण हे नवरा-बायको मूळचे तंजावरकडचे, कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेले. त्यांच्या मराठीची चाल तमिळ आणि शब्द जुन्या पोथीतले. मी "का?" म्हणायचे, ते "कसाला?" म्हणायचे.

आतल्या खोलीत पलंगावर त्या बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलेल्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना 'मिस' म्हणायची. मीही तेच म्हणू लागले. दोन महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला आणि त्यांचा डावा हात, डावा पाय गेला. बोलणं जड झालं होतं, शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून सांडल्यासारखे यायचे. डोकं मात्र लख्ख होतं. त्या अंथरुणावर होत्या आणि काका त्यांना काही म्हणजे काही करू देत नव्हते. भाताचा घास काका भरवणार, उशी काका सरकवणार, उजव्या हाताने पाण्याचा पेला उचलायला गेल्या की तोही काकाच धरणार.

"माझा उजवा हात चांगला आहे," त्या मला म्हणाल्या. "ह्यांना ते पटत नाही."

काका खिडकीकडे बघत उभे राहिले. पुढे एकदा दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा कारण कळलं. स्ट्रोक आला तेव्हा मिस न्हाणीघरात पडल्या होत्या आणि काका बाहेर पेपर वाचत बसले होते. आवाज आला होता, पण बादली पडली असेल असं त्यांना वाटलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "दहा मिनिटं मी पेपर वाचला." मी फक्त उद्याची वेळ सांगितली.

पहिले दोन आठवडे उठून बसणं आणि मग उभं राहणं, एवढंच चाललं. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, तो मागून धरला आणि पाऊल टाकायला सांगितलं. त्यांनी टाकलं नाही. मला विचारलं, "पुढे जायला मी कुठे जोर लावू?"

"पुढेच," मी म्हणाले.

"चूक. मागे. पाय जमिनीला मागे ढकलतो, जमीन मला पुढे ढकलते. तिसरा नियम. शिकली नाहीस?"

शिकले होते. मी सांगलीची, दहावीपर्यंत विज्ञानसुद्धा मराठीतून. मी तिथल्या तिथे घडाघडा म्हणून दाखवलं, प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. आणि मग, का कोण जाणे, नववीत मनात अडकलेला प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. "पण मिस, दोन्ही सारखे आणि उलटे असतील तर ते एकमेकांना मिटवत का नाहीत? काही हलतंच कसं?" नववीत मी हे वर्गात विचारलं होतं. "खाली बस, परीक्षेला येत नाही ते," असं उत्तर मिळालं आणि वर्ग हसला. त्यानंतर फिजिक्समध्ये मी एकही प्रश्न विचारला नाही. सगळं पाठ करून पास झाले.

मिस हसल्या नाहीत. त्या पलंगावर परत बसल्या, कारण उभं राहून शिकवण्याइतकी ताकद नव्हती. "चांगला प्रश्न," त्या म्हणाल्या. "दोन बलं आहेत, पण एकावर नाहीत. एक जमिनीवर आहे, एक तुझ्यावर. तुझं काय होईल ते बघायचं, तर फक्त तुझ्यावरचं बघ. जमिनीचं जमीन बघेल."

इतकं सोपं होतं. मी त्यांच्या पायाशी, फरशीवर बसले होते. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला त्यांच्या डाव्या घोट्याला आधारासाठी बांधलेला पट्टा घट्ट करत राहिले.

त्यानंतर आमचं एक न ठरवलेलं देणं-घेणं सुरू झालं. त्या मला कारणं द्यायच्या, मी त्यांना शब्द. आयुष्यभर त्यांनी फिजिक्स शिकवलं ते इंग्रजीतून, समजावलं तमिळमधून. घरी आईशी बोलायची ती मराठी, पण त्या भाषेत फिजिक्स त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. जडत्व, घर्षण, संवेग, गुरुत्वमध्य. प्रत्येक शब्दाला त्या थांबायच्या, परत म्हणायला लावायच्या. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. चांगल्या हाताने वहीत तमिळ लिपीत लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायच्या, "जडत्तुवम". मी दुरुस्त करायचे. त्या मान हलवायच्या आणि परत तसंच म्हणायच्या. "आम्हास असंच येतं," म्हणायच्या.

महिनाभरात त्या चार पायांची काठी घेऊन खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागल्या. घर पहिल्या मजल्यावर होतं. आता जिना, असं मी ठरवलं. काकांना नको होतं. मी ऐकलं नाही.

जिन्याचा आमच्या धंद्यातला नियम साधा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. पुस्तकात होता, मी शेकडो पेशंटना तसाच सांगितला होता. मिसनाही सांगितला. तीन पायऱ्या आम्ही उतरलो, मग परत वर वळलो. चढताना त्यांनी डावा पाय आधी उचलला. मला दिसलं, पण बोलायच्या आत त्यांनी त्यावर भार टाकला आणि गुडघा दुमडला. मी पट्टा ओढून धरला, दुसऱ्या हाताने कठडा पकडला आणि त्यांना हळूहळू पायरीवर बसवलं. कुठे लागलं नाही. पण वरून काकांची किंकाळी आली, ती मी अजून विसरलेले नाही.

त्यांना वर नेऊन झोपवल्यावर काका मला हात जोडून म्हणाले, "तुम्ही चांगल्या आहात. पण उद्यापासून येऊ नका."

दोन दिवस मी गेले नाही. बसमध्ये, दुसऱ्या पेशंटच्या घरी, सगळीकडे तो दुमडणारा गुडघा दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मिसचाच फोन आला. "ये. चूक सापडली."

मी गेले तेव्हा त्या जिन्याच्या वरच्या टोकाला खुर्चीवर बसल्या होत्या. काका शेजारी उभे.

"तू नियम दिलास, कारण दिलं नाहीस," त्या मला म्हणाल्या. "कारण नसलं की घाबरल्यावर नियम उलटा होतो. मी मुलींना हेच सांगायची, आणि स्वतःच फसले." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "खाली जा. आणि एक पायरी चढा. अगदी सावकाश. जो पाय आधी टाकाल त्याच्या मांडीवर हात ठेवा."

काका बिचारे उतरले. मांडीवर हात ठेवून ते एक पायरी चढले.

"काय वाटलं?"

"ही मांडी कडक झाली."

"मागची?"

त्यांनी परत एकदा करून बघितलं. "मागची नाही. मागची नुसती येते."

"म्हणजे सगळं वजन वर उचलायचं काम पुढच्या पायाचं. म्हणून तिथे चांगला पाय हवा."

मग कोणी न सांगता, मांडीवर हात ठेवूनच, काका एक पायरी उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. शेवटी वर बघून म्हणाले, "उतरताना वर राहिलेला पाय काम करतो. तो हळूहळू खाली सोडतो."

"म्हणून?"

"म्हणून चांगला पाय वर ठेवायचा. कमजोर पाय आधी खाली."

"सरी," मिस म्हणाल्या. बरोबर उत्तर आलं की वर्गात म्हणत असतील तशाच. त्यांचं तोंड अजून थोडं वाकडं होतं, पण डोळे चमकत होते. नऊ वर्षं मी तो नियम लोकांना सांगत होते. का, ते मला त्या दिवशी कळलं, सत्तरीच्या काकांच्या बरोबरीनं.

त्या दिवशी काकांनीच विचारलं, "मी कुठे उभा राहू?" मी दाखवलं: उतरताना एक पायरी खाली, त्यांच्या डाव्या बाजूला. पट्टा पकडा, पण ओढू नका. त्या पडायला लागल्या तरच धरा. "नाही पडली तर?" ते म्हणाले. "तर नुसते उभे राहा," मी म्हणाले. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. त्यांचा हात सारखा पुढे यायचा आणि मिस त्या हाताकडे बघायच्या. मग तो मागे जायचा.

आठ दिवसांनी ती दोघंच सगळा जिना उतरून गल्लीत गेली. मी मुद्दाम वर थांबले होते. खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावरच्या फुलवालीने टोपली बाजूला ठेवली, उठून मिसचे दोन्ही गाल धरले आणि तमिळमध्ये रडत-हसत काहीतरी बोलू लागली. काका एक पाऊल मागे उभे होते, पट्टा हातात, सैल.

माझं जाणं आठवड्यातून एकदा झालं, मग थांबलं. मध्यंतरी एका रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. दोघं रिक्षाने समुद्रावर गेले होते. वाळूत चालायला जमलं नाही, दहा पावलांत मिस दमल्या. मी लगेच म्हणाले, पुढच्या आठवड्यात येते, सराव करू.

"परवायिल्ले," काका म्हणाले, "राहू द्या. आम्ही दोन खुर्च्या भाड्याने घेतल्या आहेत. ती चण्याचं सुंडल खातेय." मग जरा थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "स्वतःच्या हाताने."