आमच्या टेनिस कोर्टावरचं वाळवण

आमच्या आळीतल्या सार्वजनिक टेनिस कोर्टाचा मी मानद सेक्रेटरी होतो आणि त्या कोर्टावर बूट घालून जायला सक्त मनाई होती.

हा नियम मी केलेला नव्हता, माझ्या आईने केला होता. आईला टेनिस म्हणजे काय ते आजही विचारलंत तर ती सांगेल, "दोघांनी एकमेकांकडे चेंडू ढकलायचा. दोघांनाही नको असतो."

हे कोर्ट फार जुनं. कुणा हौशी अंमलदाराने म्हणे स्वतःसाठी करून घेतलं, त्याची बदली झाली आणि कोर्ट रत्नागिरीतच राहिलं. मी नोकरीनिमित्त काही वर्षं कोल्हापुरात होतो, तिथून टेनिस शिकून परत आलो तेव्हा त्या कोर्टात गुडघाभर गवत होतं. मी, दाताचे डॉक्टर आणि हायस्कूलचे दोन सर, अशा आम्ही चौघांनी मिळून ते साफ केलं आणि खेळायला लागलो. सेक्रेटरी मला केलं, कारण त्या दिवशी मी मीटिंगला उशिरा पोचलो.

पण कोर्टाची दशा वाईट होती. सगळी तांबडी माती. सर्व्हिस केली की असा धुरळा उडायचा की पलीकडचा भिडू दिसेनासा व्हायचा! चेंडू परत आला की आम्ही समजायचो, डॉक्टर अजून आहेत.

त्यात कोकण रेल्वे सुरू झाली. गावात रिक्षा वाढल्या, जीपा वाढल्या, त्या उभ्या करायला जागा पुरेना. कुणाच्या तरी डोक्यात आलं की या कोर्टावर गाड्यांचा तळ करावा. कोर्ट कुणी वापरत असेल तर राहू द्या, नसेल तर तळ करा, असं वरून ठरलं आणि पावसाळ्याआधी एक साहेब स्वतः येऊन बघणार असं कळलं. माझी झोप उडाली. माझ्या आयुष्यात मला बऱ्यापैकी येणारी ती एकच गोष्ट होती!

दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस मी जेवताना ताटाकडे बघत बसलो होतो.

"काय झालं रे अंत्या? आमटी बिघडलीय?" आईने विचारलं.

"कोर्ट जाणार आई. धुरळा, खड्डे... साहेब बघतील नि तळ करून टाकतील. चांगली जमीन करायची तर मुंबईहून माणसं आणायला हवीत."

"जमीन करायला मुंबईहून माणसं?" आईने आमटीचा डाव हातात तसाच धरला. "मेल्या, दरवर्षी पाऊस संपला की मी खळं करते ते काय मुंबईला विचारून?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. घरापुढच्या अंगणाला आम्ही खळं म्हणतो. पाऊस संपला की ते नव्याने करायचं. माती घालायची, पाणी शिंपायचं, लाकडी चोपण्याने चोपचोप चोपून पाटासारखं सपाट करायचं आणि वर शेणाने सारवायचं. आमच्या आळीत हे काम बायकांच्या इतकं हातातलं की झोपेतसुद्धा करतील.

दुसऱ्याच दिवशी कोर्टावर अख्खी आळी उतरली. आई पुढे, माझी बायको शुभा शेणाची घमेली मोजून घेतेय, आणि शेजारच्या हमीदाभाभी चोपणं घेऊन बेसलाइनवर. हमीदाभाभींचे यजमान कुवेतला. आमचे सगळे चेंडू तेच सुट्टीवर येताना आणत, म्हणून क्लबात भाभींचा शब्द सेक्रेटरीपेक्षा वजनदार होता. नेट पार फाटलं होतं. भाभींच्या भावाने ते होडीवर नेऊन मासेमारीच्या निळ्या जाळ्याने विणून आणलं. (त्याला पहिले काही दिवस इतका वास होता की दोन मांजरं कायम नेटजवळ खेळाडूंसारखी उभी असत.)

आणि कोर्ट काय झालं म्हणून सांगू! हिरवट, गुळगुळीत, थंडगार! चेंडू टप्प्याला असा वर येई की डॉक्टरांना भरून आलं. मी चुन्याच्या रेघा मारायला डबा घेऊन गेलो तर सगळ्या रेघा आधीच मारलेल्या, रांगोळीच्या. शिवाय चारी कोपऱ्यांत कमळं.

"आई, ही कमळं कशाला?"

"सारवलेलं खळं बोडकं ठेवतात का कधी?"

"अगं पण चेंडू कमळावर पडला तर आत की बाहेर?"

"कमळावर पडला तर चांगलंच की!"

(आम्ही पुढे तो नियमच केला. कमळावर पडलेला चेंडू आत.)

त्याच दिवशी बुटांवर बंदी आली. डॉक्टरांनी थोडी कुरकुर केली, तर आई म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात आम्ही चपला बाहेर काढतो की नाय?" डॉक्टर गुपचूप अनवाणी झाले. आम्ही चौघं पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेनिस खेळू लागलो. शुभा फक्त एवढंच म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी हिरवेच कपडे शिवा."

इथवर सगळं झकास होतं. पण चैत्र उजाडला.

एका दुपारी मी सहज गेलो तर कोर्टाच्या कोपऱ्यात एक सूप. सुपात मिरच्या.

"एकच सूप आहे," आई म्हणाली. "घरापुढे सावली येते रे. इथे ऊन कसं कडकडीत!"

दुसऱ्या दिवशी सुपाशेजारी पापड होते. मग रातांबे पिकले आणि आमसुलं आली. मग फणस उतरले आणि फणसपोळीची ताटंच्या ताटं आली. ज्यांनी ज्यांनी कोर्ट चोपलं होतं त्या सगळ्यांचा त्यावर हक्क होता आणि चोपलं तर सगळ्यांनीच होतं! जागेवरून तंटे होऊ लागले. ते मिटवायला आईला आयत्या रेघा मिळाल्या. सर्व्हिसचा एक चौकोन आमचा, एक शेजारच्या काकूंचा, कडेच्या लांब पट्ट्या पापडांना. हमीदाभाभींची सुकट नेटच्या पलीकडे.

"नेटच्या अलीकडे शाकाहार," आई म्हणाली. "सुकट नेट ओलांडून आली तर मी ऐकणार नाय हो भाभी."

"आणि तुमचा फणस आमच्या सुकटीत आला तर?" भाभी म्हणाल्या.

"तर तुमचा पॉइंट!" मी उत्साहाने म्हणालो. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी नेटची दोरी घट्ट करायला निघून गेलो.

सेक्रेटरी या नात्याने मी वेळापत्रक लावलं. उन्हं कलेपर्यंत वाळवण, मग टेनिस. सगळ्यांनी मान डोलावली. पण वाळवण म्हटलं की कावळे आले, आणि कावळे म्हटलं की कुणीतरी हाकायला बसलं पाहिजे. सभेत सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. "सेक्रेटरी आहात ना भाऊ?" भाभींनी विचारलं. "आणि रॅकेटपण हाये."

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी डोक्याला पंचा गुंडाळून, हातात रॅकेट घेऊन, जुने चेंडू कावळ्यांच्या दिशेने मारत कोर्टाभोवती फिरू लागलो. माझा बॅकहँड भलताच सुधारला. माणसाविरुद्ध मात्र तो कधी लागला नाही.

आणि मग साहेब यायचा दिवस ठरला. वेळ संध्याकाळची. मी घरोघरी जाऊन बजावून आलो, "त्या दिवशी दुपारीच सगळं आवरा. एक मिरची दिसता कामा नये!" पांढरे कपडे इस्त्री करून खुंटीला लावले. साहेब विचारतील म्हणून उत्तरंही पाठ केली. रोज किती लोक खेळतात? चाळीस. (डॉक्टर म्हणाले, पन्नास सांगा. मी म्हटलं, खोटं बोलायचं तर माफक बोलावं.)

साहेब भर दुपारी आले, आणि तोवर कुणी एक सूपसुद्धा उचललं नव्हतं.

मी कोर्टाच्या मधोमध होतो. अंगात गंजी, खाली लेंगा, डोक्याला पंचा, हातात रॅकेट, आणि तोंडाने "हाऽऽड! हाऽऽड!" चालू. जीपमधून एक उंच गृहस्थ उतरले आणि दारातच थबकले. समोर आमसुलं, पापड, मिरच्या, फणसपोळ्या, पलीकडे सुकट आणि नेटवर कुणाच्या तरी दोन धुतलेल्या गोधड्या.

"इथले सेक्रेटरी कोण आहेत?" त्यांनी मला विचारलं.

मी एकदा माझ्या गंजीकडे पाहिलं. "बाहेर गेलेत," मी म्हणालो.

"अरे अंत्या!" सावलीतून आईचा आवाज आला. "तूच ना रे सेक्रेटरी? ऊन लागलं की काय तुला?"

साहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि आई ताडकन उठली. "ओ! बूट! बूट काढा आधी!"

सगळं संपलं! पण त्या उंच माणसाने आईकडे पाहिलं, मुकाट्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोजे काढून ते आत आले. सारवलेल्या जमिनीवर पाय पडताच त्यांचा चेहरा सैल झाला.

"रोज किती लोक वापरतात हे कोर्ट?"

"चा... चाळीस," मी म्हणालो.

"चार," हमीदाभाभी म्हणाल्या. "खेळनारे चार. वापरनारे घरोघरचे सगले."

साहेब वऱ्हाडातले होते. त्यांनी फणसपोळीच्या ताटाकडे बोट करून विचारलं, "हे काय, कोर्टावर अंथरायचं कातडं?"

आईने उत्तर न देता एक तुकडा तोडून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. (फणसपोळी तोंडात असताना बोलता येतच नाही, पण मला ते तेव्हा सुचलं नाही. मी घामाने निथळत होतो.) मग आईने त्यांना सगळं कोर्ट फिरून दाखवलं, हा चौकोन कुणाचा, ती पट्टी कुणाची, कमळ का आणि सुकट पलीकडे का.

"आणि इथे गाड्यांचा तळ केला तर?" साहेबांनी विचारलं.

"मग ही पोळी काय जीपच्या टपावर वाळवू?" आई म्हणाली.

साहेब हसले. खो खो हसले. "अनेक मैदानं बघितली मी," ते म्हणाले. "सगळीकडे सेक्रेटरी सांगतात, लोक येतात, खेळतात. आणि आत एक कुत्रं झोपलेलं असतं. इथे पाय ठेवायला जागा नाही! एवढी वापरातली जागा मी कशी काढून घेऊ?"

कोर्ट राहिलं. जीप गेल्यावर मी तिथेच मिरच्यांशेजारी मटकन बसलो. डोळ्यांना पाणी आलं आणि ते मिरच्यांचं नव्हतं.

"आई, तू ऐकलंस का नाहीस? मी आवरायला सांगितलं होतं ना?"

"आवरलं असतं नि साहेबाला नुसती मोकळी जागा दिसली असती, मग?" आई पोळी उलटत म्हणाली. "म्हणून तर एवढ्या बायांना बोलावलं रे. मला काय मिरच्यांना जागा नव्हती? तुझं ते ढकलाढकलीचं खळं जायला नको होतं."

मी उठून कावळे हाकायला लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला की साहेब खेळायला येताहेत. ते स्वतः उत्तम खेळतात असं कळलं. अखेर माझा दिवस आला! मी पांढरे कपडे घातले, कोर्टापुढे पाय धुतले आणि रॅकेट घेऊन उभा राहिलो. त्या दिवशी उन्हं कलली तरी अर्ध्या कोर्टावर वाळवण होतंच. साहेब आले, मागून बाईसाहेब आल्या, आणि त्यांच्या मागून शिपाई पापडांची दोन मोठी ताटं घेऊन आला.

साहेबांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय. तुमच्या तोडीचा माणूस गावात नाही म्हणतात."

"छे छे, काहीतरीच," मी लाजून म्हणालो.

"आमच्या बंगल्यावर कावळे फार त्रास देतात हो. हे पापड जरा तुम्हीच बघा. मी तोवर डॉक्टरांबरोबर दोन डाव खेळून घेतो."

साहेब जिंकले. मीही जवळजवळ जिंकलोच होतो, पण अगदी शेवटच्या क्षणी माझा बॅकहँड हुकला आणि कावळा पापड घेऊन गेला.