एक्केचाळिसावं नाणं

आमच्या शाळेत पहिलीच्या बाईंना मुलं नाणीबाई म्हणत. बेरीज-वजाबाकी त्या खऱ्या नाण्यांनी शिकवायच्या. टेबलावर दुकान मांडायचं, त्यात खोडरबर, बटणं, पेन्सिलीचे तुकडे. एक पोर दुकानदार, बाकीची गिऱ्हाइकं.

"बटण तीनला. मी पाच दिले. परत काय देशील?"

"अजून एक बटण," एखादा म्हणायचा, आणि बाईच आधी हसायच्या.

दुकान आवरलं की प्रत्येकाच्या हातात एकेक नाणं उरायचं. मग डबा फिरायचा. सगळ्यांनी डोळे मिटून नाणं टाकायचं, बाईही डोळे मिटायच्या. नंतर मोजायचं नाही.

"अशानं डबा रिकामा होईल," मुख्याध्यापक म्हणत.

"होऊ दे. मी भरीन."

पूर्वी असं नव्हतं. मी शेजारच्याच वर्गावर होते, म्हणून मला ठाऊक.

आम्ही दोघी नव्यानं लागलो तेव्हा डब्यात चाळीस नाणी असत आणि रोज मोजली जात. एका दुपारी एकोणचाळीसच भरली. पाचाचं एक कमी. नाणी शाळेची, बाई रडकुंडीला आल्या. मी दारातूनच म्हटलं, "त्या इस्त्रीवालीच्या मुलीला विचारा की." हे माझ्या तोंडून का निघालं, देव जाणे. ती पोर इतकी बारीक चणीची की सगळे तिला मूठभर म्हणत. वजाबाकीत मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मूठ उघड," बाई म्हणाल्या.

मुठीत पाचाचं नाणं होतं.

"हे माझं आहे. आईनं पाव आणायला दिलंय."

बाईंनी ते घेऊन डब्यात टाकलं. चाळीस भरली. सुटलो एकदाच्या, असं आम्हाला वाटलं. मूठभर तिथंच उभी.

"बाई, आता माझं एक गेलं. तुमचं हरवलेलं अजून हरवलेलंच आहे."

"उलट बोलू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

अकरा वर्षांनी रंगकामासाठी भिंतीवरचे तक्ते उतरवले. नाण्यांचा तक्ता बाईंनी स्वतः केलेला, कागदाखाली नाणी ठेवून वरून पेन्सिल घासून ठसे उमटवलेले. खळ लावताना पाचाचं नाणं मागंच चिकटून राहिलं होतं. ज्या तक्त्यावर बोट ठेवून त्या रोज शिकवत, त्याच्याच पाठीशी.

डोळे मिटून डबा फिरायला लागला तो तेव्हापासून. कुठंही नाणं खणकलं की बाईंचा चेहरा उतरायचा. "प्रार्थनेला हात जोडले तरी तीच मूठ दिसते गं," त्या म्हणायच्या. मलाही दिसायची, पण मी बोलत नसे.

"दानपेटीत टाका ते नाणं," मी एकदा सुचवलं.

"देवाचं नाही ते. तिचं आहे."

सुट्टीच्या दिवशी त्या इस्त्रीची दुकानं शोधत फिरायच्या. निवृत्तीला महिना उरला तेव्हा पत्ता लागला. मला सोबत नेलं. मूठभरची आई म्हातारी झाली होती, पण अजूनही इस्त्रीच करत होती. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"त्या दिवशी पाव आला नाही," ती म्हणाली. "पोरगी म्हणाली, बाईंनी पैसे घेतले. मला खरं वाटेना. बाई कशाला घेतील? मी मारलं तिला."

बाईंनी नाणं पुढं केलं.

"माझं नाही ते," म्हणून तिनं लेकीला फोन लावला आणि बाईंच्या हातात दिला. लेक लग्न होऊन लांब गेली होती. बाईंनी तिलाही सगळं सांगितलं. पलीकडं भांडी वाजत होती.

"माझं धरून किती नाणी झाली?" तिनं विचारलं.

"एक्केचाळीस."

"मी तेच सांगत होते," ती म्हणाली. फोन बंद झाला. पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

शेवटच्या दिवशी बाईंनी ते नाणं डब्यात टाकलं आणि डबा माझ्या हातात दिला. आता पहिली माझ्याकडं आहे. मुलं डोळे मिटून डबा फिरवतात, मीही मिटते. मोजायचं नाही हे मलाही कळतं, पण कान मोजतात. वर्गात सव्वीस मुलं आहेत. डबा सत्तावीस वेळा वाजतो. शेवटच्या आवाजाला मिटल्या डोळ्यांपुढं तीच मूठ उघडते.